दुकान खाली, घर वर आणि जिना एकच

३ एप्रिल २०२४. रमजानचा शेवटचा अशरा सुरू होता. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे एका टेलरिंगच्या दुकानाला आग लागली. दुकान तळमजल्यावर, वर राहती घरे. सहरीची वेळ जवळ आली होती. आग विझली तेव्हा वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली ७ माणसे गेली होती. दोन पुरुष, तीन बायका आणि दोन लहान मुले. पोलिसांनी त्याच दिवशी प्राथमिक माहिती देताना सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यातून आजही जात नाही. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्यांचा जीव धुराने घेतला.

मी त्या दिवशी पुण्यात होतो. सहरी करून मोबाइल उघडला तर गावाकडच्या प्रत्येक ग्रुपवर तीच बातमी. फोटो पाहताना मला पाचोडचे आमचे घर दिसत होते. खाली अब्बांचे गादीघर, वर आम्ही. खाली कापसाच्या गाठी, फोमचे तुकडे, रेक्झिनचे थान. वर अम्मी, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन लेकरे. उतरायला जिना एकच, तोही दुकानाच्या मागच्या खोलीतून निघणारा. त्या जिन्याखाली विजेचे मीटर, आणि मीटरशेजारी चार्जिंगला लावलेली अब्बांची ई-स्कूटर.

ती स्कूटर मीच घेऊन दिली होती. वरच्या मागच्या बाल्कनीला जाडजूड ग्रिलही मीच बसवले होते, कारण गल्लीत एकदा चोरी झाली होती. दोन्ही वेळा घरच्यांनी दुआ दिल्या. दोन्ही वेळा मी घरच्यांना कोंडायची व्यवस्था पक्की करत होतो, हे मला त्या पहाटे कळले.

गंमत अशी की ऑफिसमध्ये मी आमच्या मजल्याचा फायर वॉर्डन आहे. वर्षातून दोनदा भोंगा वाजतो, मी नारिंगी जाकीट घालतो, सगळ्यांना जिन्याने खाली उतरवतो, मैदानात उभे करून डोकी मोजतो. आमच्या कामात एक साधा नियम आहे. एखादी यंत्रणा एकाच तारेवर, एकाच मशीनवर उभी असेल तर ती आज ना उद्या कोसळणार, म्हणून दुसरी वाट आधीच तयार ठेवायची. बँकेच्या व्यवहारांसाठी मी हा नियम पाळतो. अम्मीसाठी पाळला नव्हता.

एकाच साच्याची घरे

छावणीची घटना एकटी असती तर तिला दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते. पण मागच्या काही वर्षांतली यादी समोर ठेवा.

३० ऑगस्ट २०२३, पिंपरी-चिंचवडचे पूर्णानगर. इलेक्ट्रिक-हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग, दुकानातच झोपणाऱ्या कुटुंबातील ४ जण ठार. ३१ डिसेंबर २०२३, वाळूज एमआयडीसी. हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात मध्यरात्रीनंतर आग, आत झोपलेले ६ कामगार ठार. ६ ऑक्टोबर २०२४, मुंबईत चेंबूरची सिद्धार्थ कॉलनी. खाली दुकान, वर घर, एका कुटुंबातील ७ जण ठार. १८ मे २०२५ या एकाच पहाटे-सकाळी दोन घटना घडल्या. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ८ जण गेले, त्यांत तिथेच राहणाऱ्या मालकाचे कुटुंब होते. हैदराबादेत चारमिनारजवळच्या गुलझार हौज इथे खाली दुकाने आणि वर घर असलेल्या इमारतीत १७ जण गेले. तिथे आत जायला एक अरुंद बोळ आणि वर चढायला एकच जिना होता. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्यापासून फार लांब नसलेल्या नेवासा फाट्यावर फर्निचरचे दुकान पेटले आणि त्याला जोडूनच राहणारे कुटुंब गेले.

या यादीत सगळ्या समाजांची घरे आहेत. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू बोलणारी माणसे आहेत. समान आहे ती वेळ आणि बांधणी. वेळ मध्यरात्र ते पहाट, जेव्हा सगळे गाढ झोपेत असतात. बांधणी अशी की जिथे माल साठतो तिथूनच घराची वाट जाते. रोजी जिथे, तिथेच माणूस झोपतो. कारण वेगळे दुकान आणि वेगळे घर असे दोन भाडे परवडत नाही, आणि रात्री मालाची राखणही होते. आपल्या मोहल्ल्यांत टेलर, गादीवाले, वेल्डर, भंगारवाले, बेकरीवाले, गॅरेजवाले जास्त आहेत, म्हणून हा साचा आपल्याकडे जास्त दिसतो, एवढेच.

ज्वाळा नव्हे, धूर

आपल्या मनात आगीचे चित्र म्हणजे ज्वाळा. त्यामुळे आपण बादली आणि पाण्याचा विचार करतो. खरा मारेकरी त्याआधीच घरभर फिरून आलेला असतो.

फोम, रेक्झिन, नायलॉन, पॉलिस्टरचे कापड, वायरचे प्लास्टिक जळते तेव्हा दाट काळा धूर निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त ओढीने पकडते. म्हणजे श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. जागा असलेला माणूस आधी गोंधळतो, मग त्याचे पाय जातात. झोपलेला माणूस बहुधा उठतच नाही. धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर राहू नये, झोपेत नाक पहारा देत नाही.

गरम धूर वर जातो. त्याला वर जायला घरातली सर्वांत सोपी वाट कोणती? जिना. खाली आग आणि मध्ये उघडा जिना असला की जिना धुराड्याचे काम करतो. आपण ज्या वाटेने पळणार, तीच वाट धूर सर्वांत आधी अडवतो. छावणीत आग मजल्यापर्यंत न पोहोचताही माणसे कशी गेली, हे यावरून समजते.

गादीघरात वाढल्यामुळे मी कापसाची एक खोड लहानपणापासून पाहिली आहे. कापूस लगेच भडकत नाही. ठिणगी गाठीत शिरली की ती आतल्या आत तासन् तास धुमसते. वरून पाणी मारून विझली असे वाटते आणि रात्री पुन्हा पेट घेते. अब्बा पिंजण यंत्र बंद केल्यावर कापसात हात घालून उष्णता पाहायचे. तेव्हा माल कापसाचाच होता. आता निम्मे दुकान फोमने भरलेले आहे. फोम धुमसत वाट पाहत नाही, काही मिनिटांत सगळी खोली काळी करतो. माल बदलला, सवयी त्याच राहिल्या.

कायदा कुठपर्यंत येतो

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याचा गाभा असा की इमारतीतली आगीपासून बचावाची साधने बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा तिथे राहणाऱ्या-वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. भाडेकरू मालकाकडे आणि मालक भाडेकरूकडे बोट दाखवून सुटू शकत नाही. साधने चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे असते. तुम्ही शहरात फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हे प्रमाणपत्र दाखवा म्हणून विचारा. तो तुमचा हक्क आहे, आणि अनेक ठिकाणी लाल पाइपला पाणीच नसते हे विचारल्यावरच कळते.

पण हा कायदा अमलात येतो तो मुख्यतः उंच इमारती, रुग्णालये, मंगल कार्यालये, मॉल, कारखाने अशा ठिकाणी. खाली गादीघर आणि वर दोन खोल्या असलेल्या घरात कुणी तपासायला येत नाही. पाचोडसारख्या गावात तर नाहीच. आणि खरे सांगायचे तर कुणी येऊ नये असेच आपल्यालाही वाटते. वरचा मजला चढवताना परवानगी पूर्ण नव्हती, ओटा गल्लीत हातभर पुढे आला आहे, दुकानाची वीजजोडणी अजून घरगुतीच आहे. कागद अपुरे असलेला माणूस तपासणीला घाबरतो. नोटीस येईल, कुणीतरी तक्रार करील, बुलडोझरच्या बातम्या रोज मोबाइलवर येतातच. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही.

पण या भीतीचा एक परिणाम आपण पाहत नाही. नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला घर दाखवायचे नाही म्हणून आपण ते वायरमनलाही दाखवत नाही. जाणकार शेजाऱ्यालाही नाही. सरकारी तपासणी टाळता टाळता आपण स्वतःचीही तपासणी टाळतो. मीटर जिन्याखालून हलवायला कुणाची परवानगी अडवत असेल तर ती वीज कंपनीची, तेवढी अर्ज करून मिळते. ग्रिलला उघडणारा भाग करायला, रात्रीचे चार्जिंग बंद करायला, जिन्याच्या तोंडाशी दार बसवायला कोणताच कागद लागत नाही.

पाचोडपासून बंब किती लांब

पाचोड हे पैठण तालुक्यातले, धुळे-सोलापूर महामार्गावरचे मोठे बाजाराचे गाव. इथला मोसंबीचा बाजार मराठवाड्यात नावाजलेला आहे. हंगामात पॅकिंगचा कागद, पेंढा, प्लास्टिकची क्रेट यांचे ढीग लागतात. आजूबाजूला कापूस. म्हणजे जळायला भरपूर. आणि आग लागली तर बंबाची वाट पाहायची ती पैठणची, शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या अंबडची किंवा पन्नासेक किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या शहराची. चालकाने जीव तोडून गाडी हाकली तरी पाऊण-एक तास गेला. फोमच्या खोलीला काही मिनिटे पुरतात.

म्हणून मोठ्या बाजाराच्या गावांसाठी जवळ अग्निशमन केंद्र हवे, ही मागणी आपण ग्रामसभेत, पंचायत समितीत, आमदारांकडे लेखी आणि पुन्हा पुन्हा केली पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. तिथे आपली तरुण मुले मागच्या बाकावर उभी राहून निघून जातात. कागद घेऊन पुढे जाणारी दोन पोरे पुरेत.

पण केंद्र येईपर्यंतची पहिली वीस मिनिटे गावाचीच आहेत, आणि गाव वाटते तितके रिकाम्या हाताचे नाही. मोसंबीवाल्यांकडे फवारणीचे ट्रॅक्टर आहेत, त्यांवर शेकडो लिटरच्या टाक्या आणि जोरात पाणी फेकणारे एचटीपी पंप आहेत. उन्हाळ्यात पाणी देणारे टँकर आहेत. कोणाकडे काय आहे, रात्री कुणाला फोन करायचा, कोणत्या गल्लीत टँकर शिरतो आणि कोणती गल्ली ओट्यांनी आवळली आहे, याची एक पानाची यादी कुणी केली आहे का? आमच्या मोहल्ल्यात ती मागच्या वर्षी झाली. चार संध्याकाळी लागल्या. एक गोष्ट मात्र पक्की ठेवली: मेन स्विच बंद झाल्याशिवाय, आणि तारा तुटल्या असतील तर वीज कंपनीने लाइन बंद केल्याशिवाय, पाणी मारायचे नाही.

दुसरी गोष्ट भोंग्याची. मागच्या काही वर्षांत मशिदींच्या भोंग्यांवरून इतके वाद झाले की रात्री माइकला हात लावायलाही कमिटीचे लोक कचरतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत भोंग्याला मनाई करतात, हे खरे. पण त्याच नियमात सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद लिहिलेला आहे. आग ही आणीबाणीच आहे. मशीद कमिटीने आणि मंदिराच्या विश्वस्तांनी मिळून पोलीस ठाण्याला आधीच एक पत्र द्यावे की आग, पूर, अपघात यासाठी रात्री माइकवरून सूचना दिली जाईल. पोचपावती घेऊन ती माइकच्या कपाटात चिकटवावी. म्हणजे पहाटे तीनला मुअज्जिनला विचार करत बसावे लागणार नाही.

अब्बांशी बोलणे

छावणीच्या घटनेनंतरच्या जुम्म्याला मी गावी गेलो. इफ्तारनंतर अब्बांना म्हणालो, जिन्याखालची स्कूटर हलवू, मीटर हलवू, मागचे ग्रिल कापू. अब्बा शांतपणे म्हणाले, "बेटा, मौत जहाँ लिखी है वहीं आती है." ज्या माणसाने चाळीस वर्षे कापसात हात घालून ठिणगी शोधली, तो हे बोलत होता. मला राग आला, पण मी वाद घातला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांशी या विषयावर वाद जिंकून काही उपयोग नसतो.

उत्तर दुसऱ्या दिवशी मशिदीतल्या मौलानांनी दिले. मी सहज विषय काढला होता. त्यांनी सहीह बुखारीतल्या एका नोंदीची आठवण करून दिली. मदिनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. ते कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आगीला माणसाची वैरी म्हटले आणि झोपण्याआधी ती विझवून झोपायला सांगितले. दुसऱ्या एका नोंदीत उंदराचाही उल्लेख आहे, की तो दिव्याची वात ओढून घराला आग लावू शकतो. अब्बांनी हे ऐकले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "चूहे तो अपने यहाँ भी वायर कुतरते हैं." दुसऱ्या दिवशी वायरमन आला.

त्याने बोर्ड उघडला तेव्हा मला घाम फुटला. जुन्या फ्यूजमध्ये फ्यूजच्या बारीक तारेऐवजी जाड तांब्याची तार गुंडाळलेली होती. वारंवार फ्यूज उडतो म्हणून कुणीतरी केलेला कायमचा इलाज. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवण्यासाठी. तो उडू नये म्हणून जाड तार घातली की भार वाढल्यावर फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापते. एमसीबी बसवला तरी हीच चूक होते. वारंवार पडतो म्हणून लोक मोठ्या अँपिअरचा एमसीबी लावतात आणि वायर मात्र जुनी, बारीकच राहते.

गच्चीचे दार

वायरिंग सोपे होते. अवघड होती दुसरी वाट. आमच्या मागच्या बाल्कनीतून गच्चीवर जाणारा लोखंडी जिना आहे, उघड्यावर, म्हणजे धुराच्या बाहेर. पण बाल्कनीला माझे ग्रिल आणि त्याला कुलूप. आणि गच्चीवर पोहोचले तरी पुढे काय? शेजारच्या किराणावाल्या काकांची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे आणि त्यांचा जिना थेट बाहेर रस्त्यावर उतरतो. मधे सात फुटांची भिंत. ती आम्हीच बांधली होती, घरातल्या बायकांना कपडे वाळत घालताना आडोसा हवा म्हणून. त्यावरून तेव्हा थोडी कुरबूरही झाली होती. त्यांची हवा अडली होती.

मी काकांकडे गेलो तेव्हा भीत भीतच गेलो. भिंतीत दार पाडू द्याल का, असे विचारायचे म्हणजे दोन्ही घरांनी एकमेकांच्या गच्चीवर यायची मुभा द्यायची. काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, आमच्याकडं खाली तेलाचे डबे हायेत. मी रोज रातच्याला हाच इचार करतो." त्यांच्या घराला पुढचा जिना आहे, पण तो तेलाच्या कोठारावरूनच जातो. आम्हाला त्यांची वाट हवी होती आणि त्यांना आमची.

वेल्डरकडून पत्र्याचे दार करून घेतले. मग कडीचा प्रश्न आला. कडी आमच्या बाजूने असावी की त्यांच्या? दोन्हीकडून असली तर दोन्हीकडून बंद होणार आणि ऐन वेळी उघडणार नाही. शेवटी अशी कडी बसवली जी दोन्ही बाजूंनी उघडते आणि जिला कुलूपच लागत नाही. अम्मीने आणि काकूंनी एकमेकींना सांगितले की गच्चीवर कुणी असेल तर दार वाजवून यायचे. एवढ्यावर मिटले.

खर्च सांगतो, कारण खर्च हेच पहिले कारण सांगितले जाते. दार, ग्रिलला बिजागरीचा उघडणारा भाग, जिन्याच्या तळाशी जाड दार, मीटर हलवणे, नवा बोर्ड आणि दोन धुराचे अलार्म, असे मिळून बावीस हजारांच्या आसपास लागले. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही पुढच्या ओट्यावर बसवलेल्या टाइल्स यापेक्षा महाग होत्या.

मग एका रविवारी दुपारी सराव केला. मी खाली पातेले वाजवले आणि घड्याळ लावले. पहिल्या वेळी सगळे काकांच्या गच्चीवर पोहोचायला चार मिनिटे लागली. ग्रिलची चावी भावाच्या पँटच्या खिशात होती. अम्मीचे गुडघे लोखंडी जिन्यावर अडले. पुतणी तिची शाळेची बॅग आणायला परत गेली. आता चावी ग्रिलशेजारी खिळ्याला लटकते, जिन्याला दोन्हीकडून पाइप धरायला आहे, आणि पुतणीला समजले आहे की परत काहीच आणायला जायचे नाही. दुसऱ्या वेळी दीड मिनिट लागले.

आज रात्री काय पाहायचे

तुम्ही पाचोडला असा, पुण्यात भाड्याच्या खोलीत असा किंवा मुंब्र्याच्या चौथ्या मजल्यावर, झोपण्याआधी एवढे पाहा.

• जिना आणि दार. जिन्यात, जिन्याखाली, दाराबाहेरच्या बोळात काहीच साठवायचे नाही. गाडी, गॅसची टाकी, पुठ्ठे, चपलांचे कपाट, काही नाही.

• ई-स्कूटर आणि ई-रिक्षा. कंपनीच्याच चार्जरने, अर्थिंग असलेल्या स्वतंत्र सॉकेटवर, जागेपणी आणि बाहेर पडायच्या वाटेपासून दूर चार्ज करा. एक्स्टेंशन बोर्ड नको. बॅटरी फुगली, आपटली, पाण्यात बुडाली असेल तर घरात ठेवू नका. लिथियमची बॅटरी पेटली तर विझवत बसू नका, दार ओढून घ्या आणि बाहेर पडा.

• ग्रिल. प्रत्येक झोपायच्या खोलीला निदान एक खिडकी आतून उघडणारी हवी. कुलूप असेल तर चावी तिथेच, ठरलेल्या जागी. दुकानाचे शटर बाहेरून कुलूप लावून आत कुणाला झोपवू नका, मग तो कामगार असो वा मुलगा.

• गॅस. रात्री रेग्युलेटर बंद. नळी आयएसआय शिक्क्याची, पाच वर्षांच्या आतली. वास आला तर दिव्याचे बटन चालूही करू नका आणि बंदही करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. दारे-खिडक्या उघडून बाहेर जा आणि १९०६ ला फोन करा. जोडणी ज्या पत्त्यावर नोंदली आहे तिथेच वापरा. अपघात झाला तर विम्याच्या भरपाईत पत्त्याला महत्त्व असते.

• दारे लावून झोपा. खोलीचे बंद दार धुराला बराच वेळ थोपवते. जिन्यात धूर भरला असेल तर त्यातून पळू नका. दार लावा, फटीत ओला कपडा कोंबा, खिडकीशी या आणि आवाज द्या. धुरातून जायचेच झाले तर जमिनीलगत रांगत जा.

• धुराचा अलार्म. बॅटरीवर चालणारा हजार-दोन हजारांत मिळतो. जिन्याच्या वरच्या टोकाला छतावर लावा. झोपेत तुमच्या नाकाचे काम तो करील.

• फोन. अग्निशमन १०१, कोणतीही आणीबाणी ११२, रुग्णवाहिका १०८. नंबर दाराजवळ मोठ्या अक्षरांत लिहा. अम्मीला वाचता येईल अशा लिपीत.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात आग विझवताना प्राण दिलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो पाळतात. त्या आठवड्यात जवळच्या केंद्राला पत्र देऊन मोहल्ल्यात, मदरशात, शाळेत प्रात्यक्षिक मागा. आपली मुले पहिल्यांदा अग्निशामक हातात धरतील आणि आपण गणवेशातल्या माणसाला तपासणीच्या भीतीशिवाय घरी बोलावू.

या रमजानमध्ये सहरीला उठलो तेव्हा गच्चीवरून आवाज आला. मी वर गेलो तर काकूंनी दार वाजवून अम्मीच्या हातात वाटीभर शेव दिली आणि परत गेल्या. अम्मीने कडी लावली, मग सवयीने एकदा उघडून पाहिली. उघडली.